साळवेसाहेबांचा निळा कोट

"या कोटाला फाशी दिलीय का?"

घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी आमचं स्वागत या वाक्याने झालं. फ्रीज जिन्याच्या वळणावर अडकला होता, शेगडी कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि माझे यजमान दामले आपल्या लग्नातला सूट छातीपुढे धरून जिना चढत होते. सूट लाँड्रीच्या तारेच्या हँगरवर लटकत होता आणि वर लाँड्रीचीच प्लास्टिकची पिशवी होती. समोरच्या दारात एक गृहस्थ उभे होते. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि घडीची पँट. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही, फक्त कोटाकडे पाहिलं.

"लग्नातला आहे," दामले अभिमानाने म्हणाले.

"ते दिसतंयच. खांदे पडलेत बिचाऱ्याचे. कोटाचे म्हणतोय मी."

दामल्यांच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी कोट ताब्यात घेतला आणि आत गेले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे कांताताईंनी, आम्हाला चहा आणून दिला आणि "ते असेच आहेत हो," एवढीच ओळख करून दिली. संध्याकाळी कोट परत आला तो लाकडी रुंद हँगरवर, अंगावर जुन्या सुती उशीच्या अभ्र्याची खोळ घालून. "प्लास्टिकात ठेवलात तर मुंबईच्या दमट हवेने बुरशी धरेल," साहेब म्हणाले, "आणि तो तारेचा हँगर टाकू नका. मोरी तुंबली की उपयोगी पडतो."

हे आमचे साळवेसाहेब. एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते फक्त कचेरीतून. बिल्डिंगमधले यच्चयावत कोट, ब्लेझर, रेशमी साड्या आणि शाली त्यांच्याच अखत्यारीत येत होत्या. तसा ठराव सोसायटीने कधी केला नव्हता, पण ठराव केलेल्या कुठल्या गोष्टी आमच्या सोसायटीत होत होत्या?

कुणाचा इंटरव्ह्यू आहे ही बातमी साहेबांपर्यंत ज्या वेगाने पोचायची, त्या वेगाने आमच्याकडे पाणी कधी वर चढलं नाही. मुलाला अजून कळलेलं नसायचं की त्याला बोलावणं आलंय, आणि त्याची आई कोट घेऊन साळव्यांच्या दारात हजर. मग तपासणी सुरू व्हायची. साहेब कोट उजेडात धरायचे, कॉलर उलटून बघायचे, काखेचा वास घ्यायचे. हो, घ्यायचे. "कोट खोटं बोलत नाही," म्हणायचे, "ज्याच्या अंगावर असतो तो बोलतो."

त्यांचे नियम सगळ्या बिल्डिंगला पाठ होते आणि कुणीच पाळत नव्हतं. कोट धुवायचा नसतो, ब्रशने वरून खाली झाडायचा असतो. सारखा ड्रायक्लीनला दिला की कापडाचा जीव जातो. एकदा घातला की दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी द्यायची, गॅलरीत सावलीत टांगायचा, अस्तर बाहेर आणि पुढची बाजू भिंतीकडे. उन्हात टाकणाऱ्याला ते विचारायचे, "पापड आहेत का?" डांबराच्या गोळ्यांचं नाव काढलं की भडकायचे. "पोरगा इंटरव्ह्यूला जाणार आणि साहेबांना वास येणार आजीच्या ट्रंकेचा. नोकरी कशी देतील? श्रद्धांजली देतील!" आणि इस्त्री. गरम इस्त्री लोकरी कापडावर थेट ठेवणारा माणूस त्यांच्या मते मतदानाला लायक नव्हता. मध्ये ओलसर मलमलचं फडकं पाहिजे, आणि इस्त्री घासायची नाही, टेकवायची आणि उचलायची. टेकवायची आणि उचलायची.

माझ्या आईच्या नारायणपेठी साडीवरूनही त्यांनी माझी शाळा घेतली होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली म्हणून ती घडीवर विरली होती, आणि लग्नाला जाताना मी वरून सेंट मारला म्हणून जर काळी पडली होती. साहेबांनी साडी उलगडली, पुन्हा वेगळ्या घडीत घातली आणि म्हणाले, "वहिनी, सेंट स्वतःला लावायचा. साडी काय पार्टीला जाते?" मला राग आला. पण घडी बदलायची सवय लागली, ती आजही आहे.

पहिल्या मजल्यावरच्या मेहताबेननी मुलाचा लोकरी कोट वॉशिंग मशिनमध्ये घातला, ती हकीकत बिल्डिंगच्या इतिहासात जमा आहे. मशिन नवीन होतं आणि त्यात म्हणे सगळंच धुता येत होतं. कोट बाहेर आला तेव्हा मुलाच्या अंगात त्याची एक बाही जेमतेम गेली. मेहताबेन रडवेल्या होऊन कोट घेऊन वर आल्या. साहेबांनी तो ओला गोळा दोन्ही हातांनी घेतला, टेबलावर पसरला, क्षणभर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बेन, वाईट वाटून घेऊ नका. घरात नातू झाला की बारशाला होईल." मग मात्र दुपारभर बसून त्यांनी मुलासाठी आमच्या दामल्यांचा कोट बाहीत आत दुमडून दिला. दामल्यांना विचारलं नव्हतं. कोट त्यांच्या अखत्यारीतला असल्यामुळे प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरचा निखिल चव्हाण हा साहेबांचा सगळ्यात नावडता आणि म्हणून सगळ्यात लाडका उमेदवार. इंजिनिअर झालेला, केसांना जेल लावणारा. त्याने मॉलमधून नवा सूट आणला आणि बाहीवरचं कंपनीचं लेबल तसंच ठेवलं. पाठीमागच्या चिरेवर दुकानात असते ती दोऱ्याची फुलीही तशीच.

"काप ते," साहेब म्हणाले.

"अंकल, लेबलचं काय घेऊन बसलात! ब्रँडेड आहे यार. दिसायला नको?"

"मग किमतीची चिठ्ठी का काढलीस? ती पण ठेव. आणि बिल कपाळाला चिकटव."

छोटी कात्री घेऊन साहेबांनी लेबल कापलं, उद्घाटनाची फीत कापावी इतक्या थाटात, आणि निखिलला लाकडी खुर्चीवर बसायला लावलं. बसताना बटण सोडायचं, उठताना लावायचं, सगळ्यात खालचं बटण कधीच लावायचं नाही. बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. "अंकल, मी नोकरीला चाललोय, लष्करात नाही," निखिल म्हणाला. साहेबांनी त्याला आणखी एकदा बसवलं. मग ते त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, जे प्रत्येक उमेदवाराला जाताना ऐकावंच लागायचं.

"कोट असा पाहिजे की समोरच्याला तो दिसलाच नाही पाहिजे. माणूस दिसला पाहिजे."

निखिलची ती नोकरी हुकली. पुढे इंटरव्ह्यू कॉम्प्युटरवर व्हायला लागले आणि साहेबांच्या राज्याला उतरती कळा लागली. याच निखिलने घरबसल्या इंटरव्ह्यू दिला तेव्हा वर कोट, टाय आणि खाली हाफ पँट होती. मध्येच रस्त्यावर ढोलताशा सुरू झाला म्हणून तो खिडकी लावायला उठला. समोरच्या तिघांनी त्याचे गुडघे पाहिले. नोकरी मिळालीच, कारण तिघांपैकी एकाने उभं राहून दाखवलं की त्यालाही पँट नाही. ही गोष्ट निखिलने हसत हसत सांगितली. साहेब हसले नाहीत. "म्हणजे आता अर्ध्या माणसाला नोकरी देतात," एवढंच म्हणाले आणि ब्रश घेऊन गॅलरीत गेले.

आता खरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या कोटाची. साळव्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक मोठी तसबीर होती. निळा कोट, लाल टाय, डोळ्यांवर गोल चष्मा, हातात जाड पुस्तक. ज्या घरात ही तसबीर असते, त्या घरात कोट म्हणजे नुसता कपडा नसतो. हे मला, दामल्यांच्या घरात वाढदिवसाला कुर्ता आणि लग्नात सूट एवढंच ठाऊक असलेल्या बाईला, कळायला वेळ लागला. साहेबांचा कोटही निळाच होता. अधीक्षक झाले तेव्हा शिवलेला, चांगल्या टेरिवूलचा. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये जयंतीला तो बाहेर निघायचा. एप्रिलच्या घाटकोपरमध्ये, जिथे बनियनसुद्धा नकोसा होतो, तिथे साहेब पूर्ण सुटात, टाय लावून, घामाचा एक थेंब न दाखवता मिरवणुकीच्या पुढे चालायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, उकडत नाही?" तर तसबिरीकडे बोट करून म्हणाले, "त्यांना विचारा."

या माणसाला कोटाचं इतकं वेड का, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. कांताताईंनी सांगितलं, वाल सोलता सोलता, ते बाहेर गेले होते तेव्हा.

"जालन्याहून आले तेव्हा गोवंडीला चुलत्यांकडे राहायचे. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. कोट कुठला असणार? शेजारी एक बँडवाला होता, त्याचा मागितला. त्याच्यावर सोनेरी पट्ट्या होत्या, त्या रात्रभर बसून उसवल्या. पण ताई, पट्टी उसवली तरी टाक्यांची भोकं राहतात ना. ह्यांना वाटलं, कोणाला दिसणार नाही."

"मग?"

"मग काय. आत गेले. समोरचा साहेब पहिलाच प्रश्न विचारतो, कोट कुणाचा? बँडवाल्याचा का? सगळे हसले. हे म्हणाले, उसना आहे साहेब. अजून हसले."

"पण नोकरी मिळाली ना?"

"मिळाली की. म्हणतात, ते कोटाला हसले, मला नाही. मी म्हणते, मग तुम्हाला का लागलं?" कांताताईंनी वालाचं साल टाकलं. "चाळीस वर्षं झाली हो. अजून लागतंय."

त्यानंतर साहेबांच्या टोमण्यांना मी तितकीशी चिडले नाही. पण हे त्यांना कळू दिलं नाही, नाहीतर त्यांनी माझ्याच कपाटाची झडती घेतली असती.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती, म्हणजे सगळ्यांना माहीत होती. चहाची बशी वाजायला लागली की ते म्हणायचे, "कांता, बशीला तडा गेलाय बहुतेक." बिल्डिंगमधल्या आयांनी कोट आणणं हळूहळू बंद केलं, कुणी थरथरीमुळे, कुणी कोटच लागत नव्हता म्हणून. साहेबांनी ब्रश रोज झाडून ठेवला.

त्याच सुमारास त्यांची मुलगी सुजाता माहेरी येऊन राहिली. मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली होती, आणि आता नवऱ्याची कंपनी बंद पडल्यामुळे घराचे हप्ते तिच्याच डोक्यावर आले होते. अर्ज टाकून टाकून बेजार झाली होती. मधली वर्षं घरी काय करत होतात, असं सगळे विचारत. अखेर पवईच्या एका मोठ्या ऑफिसातून बोलावणं आलं, आणि तेही समोरासमोर. साहेबांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच महिन्यांनी रंग पाहिला.

त्यांनी आपला निळा कोट काढला आणि स्टेशनजवळच्या शिंप्याकडे नेला. सुजाताच्या मापाने उसवून पुन्हा शिवायचा. शिंपी म्हणाला, यापेक्षा नवीन घ्या. साहेब म्हणाले, "नवीन तू शिव, मी जुना देतो." आठवडाभर ते त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होते. शेवटी शिंप्याने हात टेकले आणि कोट चांगला बेतला. एकच गोष्ट राहिली, बटणं पुरुषी बाजूलाच राहिली. ती बदलायची म्हणजे सगळा पुढचा भाग नवा करावा लागला असता.

"पप्पा, कशाला? आता कोणी सूट घालत नाही," सुजाता म्हणाली.

"तू घाल. मधली वर्षं काय केलं ते विचारतील, विचारू दे. पण कोटाबद्दल एक प्रश्न आला नाही पाहिजे."

इंटरव्ह्यूच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे होते. साहेबांनी टेबलावर कांबळं पसरलं, मलमलचं फडकं ओलं केलं आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दार उघडंच होतं. टेकवायची, उचलायची. हात थरथरत होता, पण चाललं होतं. शेवटी राहिली होती छातीवरची पट्टी, कॉलरखालची. तेवढ्यात सुजाता आत गेली आणि अगदी टेबलाशी उभी राहिली. "झालं का पप्पा?" तिची नजर त्यांच्या हाताकडे होती.

साहेबांनी तो हात सगळा भार देऊन इस्त्रीवर दाबला. आता थरथरत नव्हता. "होतंय," म्हणाले. "तू तुझी कागदपत्रं बघ." ती हलली नाही, म्हणून त्यांनीही हात हलवला नाही. इस्त्रीही हलली नाही. फडकं एव्हाना वाळलं होतं.

वास आधी मला आला. जळक्या केसांसारखा. साहेबांनी इस्त्री उचलली तेव्हा निळ्या कोटावर, डाव्या बाजूला, तिच्या टोकाचा तपकिरी चकचकीत ठसा उमटला होता.

सगळ्या बिल्डिंगच्या कोटांवर ज्यांच्याकडे काहीतरी बोलायला होतं, त्यांच्याकडे स्वतःच्या कोटावर बोलायला काही नव्हतं. वास समोरच्या घरापर्यंत गेला असावा, कारण दामले दारात आले, सगळं समजले आणि धावत जाऊन आपला लग्नातला कोट घेऊन आले. त्यात सुजाता दोनदा मावली असती. साहेबांनी त्या कोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खांद्यांबद्दलसुद्धा काही बोलले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"साडी नेस," ते मुलीला म्हणाले. "ड्रेस घाल, काही पण घाल. हा नको. हा दिसणार."

सुजाताने कोट उचलला. "दिसू दे," म्हणाली. "मी हाच घालणार."

"अगं, हसतील तुला!"

"पप्पा, मी हाच घालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षात बसली तेव्हा कोट उलटा करून, अस्तर बाहेर ठेवून, हातावर घेतला होता, अगदी नियमाप्रमाणे. साहेब गॅलरीत उभे होते. खाली यायचं धाडस झालं नसावं. रिक्षा वळली तसे ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "बसताना बटण सोड!" भाजीवाल्याने वर पाहिलं.

दुपारी ती परत आली. साहेब खुर्चीत ताठ बसले होते, उमेदवारासारखे. कांताताईंनी पाणी आणलं आणि सुजाता सांगायला लागली. समोर दोघे पुरुष आणि एक बाई. पुरुष टीशर्टात. कामाचं बरंच विचारलं. मधल्या वर्षांचंही विचारलं, तिने सांगितलं. मग त्या बाईंची नजर बटणांवर गेली, तिथून डागावर.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं.

"म्हणाल्या, कोट तुमचाच आहे का?"

साहेबांनी डोळे मिटले.

"मी म्हटलं, वडिलांचा आहे. डागसुद्धा त्यांचाच आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची इस्त्री चुकली, ती माझ्यासाठी करताना."

नोकरीचं काय, असं विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. साहेबांनी ते विचारलं नाही.

"हसले का ते?"

"नाही पप्पा."

"कोणीच?"

"कोणीच नाही हसलं."

साहेब उठले, मुलीच्या हातातून कोट घेतला आणि आतल्या खोलीत गेले. खूप वेळ ब्रशचा आवाज येत राहिला. वरून खाली, वरून खाली. कांताताई पदराने डोळे पुसत होत्या आणि खोटं नाही सांगत, मीही.

नोकरी लागली, चार दिवसांनी तसं कळलं. सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. निखिल म्हणाला, "अंकल, तुमचा नियम फेल गेला ना? कोट दिसला आणि जॉब मिळाला!" साहेब म्हणाले, "कोट फेल गेला, ती पास झाली. तुझ्या वेळी उलटं होतं." म्हणजे प्रकृती सुधारत होती. मी रफू करणाऱ्याचा पत्ता देऊ केला, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढे आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरलं. सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. साळवे सुजाताकडे जाणार होते, आम्ही मुलुंडला भाड्याने. सगळ्यात आधी आम्ही निघालो. पुन्हा टेम्पो, पुन्हा जिन्यात अडकलेला फ्रीज, आणि दामले आपला सूट छातीपुढे धरून, या वेळी लाकडी हँगरवर आणि अभ्र्याच्या खोळीत. आमच्या निरोपाला साहेब जिन्यापर्यंत आले, सूट नजरेखालून घातला आणि "बरा आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून दामल्यांना मिळालेलं ते एकुलतं एक प्रशस्तिपत्र.

खाली टेम्पोत बसताना मी सहज वर पाहिलं. गॅलरीत निळा कोट टांगलेला होता, पण उलटा नाही. अस्तर भिंतीकडे होतं आणि पुढची बाजू रस्त्याकडे. इस्त्रीचा तपकिरी ठसा खालूनसुद्धा स्पष्ट दिसत होता. साहेब कोटाशेजारी कठड्याला धरून उभे होते. थरथरणारा हात त्यांनी लपवला नव्हता.

"साहेब," मी ओरडले, "कोट चुकीच्या बाजूने टांगलाय! डाग सगळ्या रस्त्याला दिसतोय!"

"दिसू दे की वहिनी," साहेब वरून ओरडले. "कोट माझा आहे!"